नेरळ-माथेरानच्या छोट्या गाडीचं मॉडेल घरात बसवायचं म्हणून पैसे देऊन प्लॅन काढून घेतला, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगते, दुकानाचं नाव देणार नाहीये. पुण्यातली एका माणसाची सर्व्हिस आहे, नोकरी सांभाळून करतो, चुका झाल्या त्यातल्या बऱ्याचशा त्याने निस्तरल्या पण, त्यामुळे नावानिशी झोडपण्यात मला मजा नाही. पण अशी मॉडेल रेल्वेची लेआऊट, म्हणजे टेबलावर रूळ, डोंगर, स्टेशनं कशी मांडायची त्याचा आराखडा, डिझाईन करून देणारे आता दोनचार जण झालेत आणि "खऱ्या रेल्वेलाईनवरून लेआऊट बनवून देतो" असं सगळेच म्हणतात, तर ते नक्की काय देतात आणि काय देत नाहीत हे कोणीतरी लिहायला पाहिजे म्हणून लिहितेय. लांबलं आहे, चहा घेऊन बसा.

माझी केस अशी. मी बदलापूरला राहते, अठरा वर्षं लोकलने सीएसएमटी करतेय, आणि रेल्वेचं वेड आमच्याकडे माहेराकडनं आलेलं. लहानपणी दर दिवाळीच्या सुट्टीत बाबा नेरळला न्यायचे, माथेरानला जायचं ते फक्त गाडीत बसायला, वर पोचलं की भजी खायची आणि परत. मग मुलीला कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम दाखवायला नेलं आणि तिच्यापेक्षा मीच तिथे जास्त वेळ उभी राहिले. ते म्युझियम जबरदस्त आहे, शंकाच नाही, पण ते कल्पनेतलं शहर. मला एक खरी लाईन पाहिजे होती, बघणाऱ्याने पाटी न वाचता "अरे हे तर माथेरान" म्हणलं पाहिजे. खोली रिकामी होती एक, सासूबाईंची, त्या आता नणंदेकडे असतात, त्यात एल आकाराचं टेबल बसतंय, एक बाजू ११ फूट, दुसरी ८ फूट, रुंदी दोन्हीकडे २ फूट.

सर्व्हिसमध्ये काय मिळतं ते सांगते. तुम्ही खोलीची मापं, फोटो आणि कुठली लाईन पाहिजे ते द्यायचं, तो सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक प्लॅन काढतो, थ्रीडी व्ह्यू देतो, सामानाची यादी देतो म्हणजे किती मीटर फ्लेक्स ट्रॅक (हवा तसा वाकवता येणारा), किती सांधे (गाडी एका रुळावरनं दुसऱ्यावर वळवायचे), किती प्लायवूड, आणि शेवटी पूर्ण मापात प्रिंट करता येईल अशी पीडीएफ. ७५०० रुपये, अर्धे आधी. तीन आठवडे सांगितले होते, सहा लागले, ते मी फार मनावर घेतलं नाही कारण मधे गणपती होते.

पहिला प्लॅन आला आणि मी तो दोन दिवस परत उघडलाच नाही, इतका राग आलेला. टेक्निकली एकदम चकाचक. टेबलाच्या एका टोकाला मोठा डोंगर, आत लपवलेला हेलिक्स म्हणजे स्प्रिंगसारखा गोल गोल चढणारा ट्रॅक, गाडी खालनं आत शिरते आणि दोन मिनिटांनी वरनं बाहेर येते, तीन बोगदे, डोंगरावर पाइनची झाडं आणि शेवटी स्टेशनवर पाटी, माथेरान. पाटी काढली तर ते स्वित्झर्लंड होतं. अहो दादा, या लाईनवर बोगदा एकच आहे! एकच! त्याला वन किस टनेल म्हणतात कारण तो तेवढाच आहे, एक पापी घेईपर्यंत संपतो. तिथे तीन बोगदे दाखवणं म्हणजे वडापावात पनीर घालण्यासारखं आहे.

मी फोन केला तर तो शांतपणे म्हणाला ताई चढ बसत नाही, म्हणून हेलिक्स. आणि त्याचं गणित चूक नव्हतं हे मान्य करायला पाहिजे. मॉडेलमध्ये १:४० च्या वर चढ देऊ नये, इंजिनं घसरतात, असा या छंदातला सर्वसाधारण सल्ला आहे. माथेरान स्टेशन नेरळपेक्षा ३३ सेमी वर ठेवायचं तर १:४० ने १३ मीटरच्या वर ट्रॅक लागतो, तेवढा त्या टेबलावर उघड्यावर बसत नाही, मग उरलेला डोंगरात लपवा. पण खरी लाईन १:२० ने चढते हो. म्हणजे वीस पावलं पुढे गेलं की एक पाऊल वर. तोच तर तिचा जीव आहे, तो चढ काढून टाकला तर उरलं काय, छोटे डबे.

इथे थोडं गणित सांगते कारण याच्यातच सगळी गोम आहे आणि पहिल्या प्लॅनमध्ये हे कुठे दिसलं नाही. मी डबलओ नाइन घेतलंय, म्हणजे १:७६ स्केल आणि रुळांतलं अंतर ९ मिमी. खरा गेज २ फूट, म्हणजे ६१० मिमी, भागिले ७६ केलं की ८ मिमी येतात, म्हणजे एक मिमी जास्त, तेवढं चालतं, आणि फायदा असा की एन गेजच्या गाड्यांचाही गेज ९ मिमीच, त्यामुळे त्यांची तयार चेसिस, म्हणजे चाकांचा सांगाडा, खाली वापरता येतात. आता लाईनची लांबी साधारण २० किमी, ती या स्केलला २६० मीटर होते. उंचीतला फरक साधारण ७६० मीटर, तो होतो १० मीटर, म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत. हे कोणाच्याही घरात बसणार नाही, कापावंच लागणार. पण वळणं बघा. माथेरान लाईनवरची सगळ्यात टाइट वळणं ६० फूट रेडियसची आहेत. भागिले ७६, २४ सेमी! आणि पेको या मॉडेल ट्रॅकच्या कंपनीचा डबलओ नाइनचा तयार वळणाचा तुकडा मिळतो तो ९ इंची, म्हणजे पावणेतेवीस सेमी. म्हणजे दुकानात मिळणारं वळण आणि खरं वळण जवळजवळ एकच. ब्रॉडगेजवाल्यांना हे सुख नाही, ३०० मीटरचं वळण घेतलं तर ते या स्केलला ४ मीटर रेडियसचं होतं, म्हणून ते बिचारे वळणं चौथाई करतात आणि मग लांब डबे वळणावर खेळण्यासारखे बाहेर लोंबतात. माथेरानमध्ये उलटं आहे, वळणं खरी ठेवता येतात, लांबी आणि उंची कापायची. डिझाइनरला हे पहिल्या दिवशी दिसायला पाहिजे होतं, त्याने सगळीकडे ३० सेमी रेडियस टाकून ठेवलेला, "सेफ" म्हणून. ३० सेमीचं यू वळण आधीच ६० सेमी रुंद होतं, दोन फुटी टेबलाच्या कडेला गाडी लटकली असती. २४ चं ४८ मध्ये मावतं. दोन फुटी टेबल आणि माथेरानची लाईन, जोडा स्वर्गात जुळलेला.

चढाचं भांडण मात्र फळीवर मिटलं. मी एक सहा फुटी फळी घेतली, एका टोकाखाली ९ सेमी उंचीची पुस्तकं, म्हणजे झाला १:२०, त्यावर ट्रॅक टाकला आणि इंजिन सोडलं. सरळ ट्रॅकवर चार डबे आरामात. मग पुठ्ठ्यावर तसाच चढ देऊन २४ सेमीचं वळण केलं तर तिसऱ्या डब्याला चाकं जागच्या जागी फिरायला लागली. वळणावर घासण वाढते, हे खऱ्या रेल्वेतही आहे, तिथेही वळणावर चढ थोडा कमी करतात. मग टायरवाल्याकडनं बॅलन्सिंगची चिकटवायची वजनं आणली, इंजिनाच्या बॉडीत आतनं लावली आणि तीन डबे गेले. खऱ्या गाडीला सहाएक असतात, मला तीन चालतील. व्हिडिओ त्याला पाठवला. त्याच्यावर त्याने जे केलं त्याबद्दल पूर्ण मार्क, सरळ भागात १:२२ आणि वळणात १:२८ असा चढ वाटून दिला, सगळं मिळून सरासरी १:२४ पडते, ८ मीटर चढाच्या ट्रॅकमध्ये ३३ सेमी बरोब्बर निघतात. हेलिक्स गेला.

पण दुसरा प्लॅन पण मला मनातनं पटत नव्हता आणि का ते सांगता येत नव्हतं. त्याने डोंगराच्या मधोमध एक आडवी टेकडी टाकलेली, जेणेकरून पुढचा ट्रॅक आणि मागचा वरचा ट्रॅक एकाच वेळी दिसू नयेत. लेआऊट डिझाईनमधला हा जुना नियम आहे, गाडी एका दृश्यातनं एकदाच जावी, नाहीतर खेळण्यातल्या गाडीसारखी गोल गोल फिरते असं वाटतं. नियम चांगला आहे. मी विचारलं, दादा तुम्ही या गाडीत कधी बसलायत? तर म्हणाला नाही ताई, सॅटेलाइट मॅपवरनं ट्रेस केलंय पूर्ण. म्हणलं एकदा बसा.

आला बिचारा, स्वतःच्या खर्चाने, मुलाला घेऊन, डिसेंबरात. सकाळी नेरळला तिकिटाच्या लाईनीत भेटलो. गाडी निघाली, जुम्मापट्टी स्टेशन गेलं, वर चढायला लागलो आणि एका वळणावर मुलगा ओरडला, बाबा ते खाली बघा रूळ, आपण आत्ता तिथनं आलो! मी काही बोलले नाही. तो खिडकीतनं खाली बघत बसला. हीच तर गोष्ट आहे ना या लाईनची. १९०४ ते १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाने पदरच्या पैशाने बांधली, डोंगर पोखरून सरळ जाण्याऐवजी डोंगराच्या अंगाअंगाने गेले, आणि एके ठिकाणी इंजिन मागेपुढे करायचं रिव्हर्सिंग स्टेशन टाळायला घोड्याच्या नालेसारखा मोठ्ठा भराव घातला. त्यामुळे इथे गाडी एकाच दृश्यातनं दोनदा जाते, खरंच जाते. पुस्तकात जी चूक म्हणून सांगतात ती इथे वस्तुस्थिती आहे. तेव्हा ती झाकायची नाही, दाखवायची.

तिसरा प्लॅन चार दिवसात आला, आणि तो बघून मी अक्षरशः उठून उभी राहिले. नेरळ ८ फुटी बाजूला पुढे, खाली. तिथनं कोपऱ्यातनं वळून ११ फुटी बाजूने पुढच्या कडेने चढत जायचं, टोकाला ४८ सेमीमध्ये पूर्ण नाल, उघडी, झाडं नाहीत, भराव स्वच्छ दिसला पाहिजे, मग मागच्या कडेने चढत परत कोपऱ्यात आणि नेरळच्या मागे वर माथेरान. मधली टेकडी गायब, खालचा नि वरचा ट्रॅक एका नजरेत. माथेरान नेरळच्या डोक्यावर येतं ते मला आधी खटकलं, पण नेरळच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून मान वर केली तर माथेरानचा डोंगरच दिसतो, मग ठीकच आहे की. बोगदा एक, तोही एवढासा. झाडं जांभूळ, हिरडा, अंजनी धरून गोल डेरेदार, आणि सगळ्यात आवडलं ते म्हणजे मातीचा रंग, खाली नेरळला काळसर भातखाचरं आणि वर जाताना हळूहळू जांभ्याची लाल माती. हे त्याने स्वतः बघून लिहिलं, मी सांगितलं नव्हतं. दहा फोटोंपेक्षा एका फेरीने जास्त काम केलं.

आता तक्रारी.

एक तर, फॉर्ममध्ये वर्ष विचारतच नाहीत. खरी लाईन म्हणजे कुठल्या वर्षीची? हा पहिला प्रश्न पाहिजे. माथेरानमध्ये तर फारच, कारण वाफेची जर्मन इंजिनं दाखवायची की डिझेल, २००५ च्या पुराआधीचं की नंतरचं, कड्यावरचा गणपती घ्यायचा की नाही, विस्टाडोम म्हणजे काचेच्या छताचा डबा लावायचा की नाही, हे सगळं वर्षावर ठरतं. त्याच्या थ्रीडी व्ह्यूमध्ये वाफेचं इंजिन आणि प्लॅटफॉर्मवर एलईडी इंडिकेटर एकत्र होते. मी ऑक्टोबर २०२२ मध्ये पूर्ण लाईन परत सुरू झाली त्यानंतरचं धरलंय, त्यामुळे माथेरानच्या अलीकडचं अमन लॉज स्टेशन पण पाहिजे आणि शटलही. पावसाळ्यात साधारण जूनच्या मध्याला खालची गाडी बंद होते आणि फक्त अमन लॉज ते माथेरान शटल चालते, ते आमच्या मुलीला इतकं आवडलंय की यंदा तिने जूनमध्ये नालेवर लाल रिबिन बांधली आणि चार महिने मला खालचा ट्रॅक वापरू दिला नाही. शटल जाते कुठे, तर अडीच फूट.

दुसरं, सांधे. सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत असतात ते सांधे आणि आपल्याकडे खरोखर मिळतात ते, यांची मापं वेगळी. त्याने जे टाकले ते मी तीन ठिकाणी विचारले, कुठेच नाहीत, बाहेरून मागवले तर कस्टम धरून किंमत ऐकून आमचे हे म्हणाले त्यापेक्षा खऱ्या रेल्वेचा सांधेवाला नोकरीला ठेव. शेवटी मिळतात ते घेतले तर जुम्मापट्टीच्या क्रॉसिंगची लांबी बिघडली. नीट मोजल्यावर कळलं की त्याने लूप, म्हणजे गाडी बाजूला उभी करायचा दुसरा रूळ, तीन डब्यांचा धरलेला, इंजिन धरलंच नव्हतं! गाडी उभी केली की शेपूट सांध्यावर, दुसरी गाडी जाणार कशी. कळवल्यावर फुकट बदलून दिलं, पण हे ग्राहकाने पकडायचं का? ऑर्डर देताना त्याला लिहून द्या की अमुक सांधे माझ्या हातात आहेत, त्यावरच काढ.

तिसरं, वायरिंग काहीच नाही. कुठे रूळ तोडून इन्सुलेट करायचे, फीडर म्हणजे रुळांना वीज देणाऱ्या वायरी कुठे, काही नाही. मी फोन करून विचारलं तर म्हणाला ते पॅकेजमध्ये येत नाही. आधी सांगा ना मग. एवढ्या पैशात एका रेषेत लाल काळ्या खुणा करून द्यायला काय जातं.

आणि प्रिंटचा किस्सा, ज्यात त्याची चूक नाही पण तुमची होईल म्हणून सांगते. पूर्ण मापातली पीडीएफ मी स्टेशनजवळच्या एका फ्लेक्सवाल्याकडे नेली, तो वाढदिवसाचे बॅनर छापतो तिथे. मस्त आयडिया आहे तशी, ११ फुटी प्लॅन एका तुकड्यात निघतो, टेबलावर पसरायचा, टाचणीने टोचत ट्रॅकची खूण करायची. फ्लेक्सवाल्याने मशीनच्या रुंदीत बसवायला जरा छोटं करून छापलं, साधारण तीन टक्के, डोळ्याला दिसतच नाही. ११ फुटात १० सेमी गेले. मला कळलं कधी, तर नाल चिकटवून झाल्यावर, पेकोचा तुकडा वळणावर बसेना तेव्हा. सुदैवाने फेविकॉल ओला होता. आता प्लॅनच्या कोपऱ्यात एक फुटाची रेघ असतेच, तीन टक्क्याला एका फुटात ९ मिमी फरक पडतो, छापून झाल्या झाल्या दुकानातच पट्टी लावून बघा आणि मगच पैसे द्या. फ्लेक्सवाला हसेल, हसू दे.

सामानाची यादी मात्र कौतुकास्पद. फ्लेक्स ट्रॅकचे दोन तुकडे उरले फक्त, प्लाय एक इंचही वाया गेला नाही, आणि १२ मिमी प्लायखाली ठोकळे दर एक फुटावर, प्रत्येक ठोकळ्याची उंची मिलिमीटरमध्ये लिहून, त्यामुळे सुताराला काही समजावावं लागलं नाही, तो कागद बघून कापत गेला. चढ इतका बिनझटक्याचा आलाय की गाडी कुठे अडखळत नाही. हे काम मला स्वतःला जमलं नसतं, सहा महिने वहीत रेघोट्या मारून बघितल्या होत्या.

मार्क द्यायचे तर पाचपैकी साडेतीन. पहिल्या प्लॅनला दीड दिला असता, तिसऱ्याला पावणेपाच. तुमची लाईन पुण्याच्या आसपासची असेल, म्हणजे बोरघाट वगैरे, तर डोळे मिटून द्या, तो त्या गाड्यांनी आयुष्यभर फिरलाय. लांबची असेल तर आधी विचारा की या गाडीत बसलायस का, आणि नसेल तर त्याला आधी तिकीट काढून द्या, प्लॅन मागनं. एक फेरी तुमच्या खिशातनं गेली तरी दोन प्लॅनचा वेळ वाचतो.

माथेरान स्टेशनचा, इंजिन गाडीच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा लूप अजून व्हायचाय, सांध्यांच्या त्याच भानगडीमुळे तिथलं ड्रॉईंग परत काढावं लागतंय आणि ते या रविवारी देतो म्हणालाय, गेल्या तीन रविवारांसारखं. तोवर गाडी वर पोचली की मी इंजिन हाताने उचलते आणि दुसऱ्या टोकाला लावते.